अलर्टची आवक-जावक

समजा, पोस्टग्रेसचा एक मुख्य सर्व्हर आहे आणि त्याची प्रत सांभाळणारा दुसरा सर्व्हर, म्हणजे रेप्लिका. संध्याकाळी सातला रेप्लिकाचं नेटवर्क तुटतं. मुख्य सर्व्हरवर त्या रेप्लिकासाठी एक ‘रेप्लिकेशन स्लॉट’ राखलेला असतो. डेटामध्ये होणाऱ्या प्रत्येक बदलाची नोंद ज्या वॉल फायलींमध्ये होते, त्या फायली रेप्लिकानं उचलल्याशिवाय पुसायच्या नाहीत, असा त्या स्लॉटचा अर्थ. रेप्लिका गप्प असल्यामुळे फायली साचत जातात. अकरा वाजता डिस्क ८० टक्के भरते, एक वाजता ९० टक्के. दोनच्या सुमारास वॉल लिहायला जागाच उरत नाही आणि पोस्टग्रेस बंद पडतं.

आता देखरेखीच्या सॉफ्टवेअरकडून काय काय येतं ते पाहा. डेटाबेस बंद, असा एक अलर्ट. या डेटाबेसवर चालणाऱ्या प्रत्येक सेवेकडून ‘कनेक्शन मिळत नाही’ असा एकेक. वेबसाइटवरच्या चुका वाढल्या म्हणून आणखी काही. रात्रीचा बॅकअप फेल, सकाळचे अहवाल तयार करणारं काम फेल. पाच-दहा मिनिटांत फोनवर मेसेजचा पाऊस पडतो आणि त्यातला एकही खोटा नसतो. पण ज्या अलर्टकडे वेळीच कोणी पाहिलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, तो ‘रेप्लिकाशी संपर्क नाही’ हा अलर्ट सात तासांपूर्वीच आलेला असतो. पिवळ्या रंगाचा, साध्या ‘वॉर्निंग’ दर्जाचा, आणि आता इतर मेसेजांच्या तळाशी गेलेला.

आधीच्या प्रकरणांत सर्व्हरवर कशाकशाची मोजमापं ठेवायची ते आपण पाहिलं. मोजमाप वाढवणं सोपं असतं. एक खूण केली की आणखी एक अलर्ट सुरू होतो. कठीण काम त्यापुढचं आहे. येणाऱ्या अलर्टमधून कोणता कोणाकडे, केव्हा आणि कशासोबत जायला हवा हे ठरवणं. माझ्या मते देखरेखीचं खरं कौशल्य इथेच पणाला लागतं, कारण सर्व्हरची जागा, मेमरी, प्रोसेसर हे सगळं विकत घेता येतं. रात्री जागणाऱ्या माणसाचं लक्ष मात्र मोजकंच असतं.

दहा मिनिटांत २७५

हा धडा संगणकवाल्यांच्या आधी रासायनिक उद्योगानं घेतला, तोही स्फोटातून. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या टेक्साकोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात मोठा स्फोट झाला. सकाळच्या वादळात वीज पडून यंत्रणा विस्कळीत झाली होती आणि नियंत्रण कक्षातले कर्मचारी ती सावरायचा प्रयत्न करत होते. ब्रिटनच्या सरकारी चौकशीत असं आढळलं, की स्फोटाआधीच्या शेवटच्या १०.७ मिनिटांत तिथल्या दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म वाजले. दोन-अडीच सेकंदांना एक. वाचायलाही वेळ नाही, मग विचार कधी करणार? त्यात बहुतेक अलार्मना ‘उच्च प्राधान्य’ असाच शिक्का होता, त्यामुळे निवड करायला काही आधारच उरला नव्हता.

या अपघातानंतर, १९९९ मध्ये, ब्रिटनमधल्या अभियांत्रिकी उद्योगाच्या ‘इमुआ’ या संघटनेनं अलार्मसाठी मार्गदर्शिका काढली. यंत्रणा सुरळीत असताना एका ऑपरेटरला दहा मिनिटांत सरासरी एकाहून जास्त अलार्म येऊ नये, असं ती सांगते. संगणकाच्या जगात असाच एक दंडक गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आहे. बारा तासांच्या ऑन-कॉल पाळीत दोनपेक्षा जास्त घटना हाताळायची वेळ येऊ नये. एका घटनेचं मूळ शोधणं, दुरुस्ती करणं आणि नंतरची टिपणं लिहिणं यात मिळून साधारण सहा तास जातात, असा त्यामागचा हिशेब आहे. म्हणजे मर्यादा ठरवताना माणसाला पेलेल किती, इथून सुरुवात झाली. यंत्र किती बोलू शकतं इथून नव्हे.

नोंद सगळ्यांची, हाक मोजक्यांसाठी

तहसील कचेरीतल्या आवक-जावक टेबलावर येणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद होते, क्रमांक पडतो, शिक्का बसतो. एकही कागद फेकला जात नाही. पण प्रत्येक कागद तहसीलदारांच्या टेबलावरही जात नाही. अर्ज ज्या शाखेचा, त्या शाखेत जातो. अलर्टची व्यवस्था लावताना हाच नियम धरावा. नोंद ठेवणं आणि माणसाला हाक मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांची गल्लत झाली की एक तर सगळंच कानावर आदळतं किंवा कंटाळून सगळंच बंद केलं जातं.

अलर्टचे ढोबळमानानं तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातल्या अलर्टसाठी माणसाला झोपेतून उठवायचं. डेटाबेस बंद पडला, डिस्क पुढच्या दोन-चार तासांत भरणार, ग्राहकांचे व्यवहार अडले, ही त्याची उदाहरणं. दुसऱ्या वर्गातल्या अलर्टचं तिकीट तयार होऊन ते कामाच्या यादीत पडावं. तिसऱ्या वर्गातल्या फक्त नोंदी राहाव्यात, उद्या काही बिघडलं तर मागे जाऊन पाहण्यासाठी.

दुसऱ्या वर्गाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून त्याचं एक उदाहरण जरा जवळून पाहू. पोस्टग्रेस प्रत्येक लेखन व्यवहाराला ३२ बिटांचा क्रमांक देतं. असे क्रमांक साधारण ४२९ कोटी, आणि त्यातले निम्मेच एका वेळी ‘मागचे’ म्हणून धरता येतात. क्रमांक पुन्हा वापरता यावेत म्हणून व्हॅक्यूम ही प्रक्रिया जुन्या ओळी ‘गोठवत’ जाते. ती मागे पडली आणि क्रमांक संपत आले, तर डेटा खराब होऊ नये म्हणून पोस्टग्रेस नवं लेखन स्वीकारायचंच थांबवतं. २०१५ मध्ये सेंट्री या कंपनीची सेवा आणि २०१९ मध्ये मेलचिंपची मँड्रिल ही ईमेल सेवा नेमक्या याच कारणानं अडली होती. हा बिघाड एका रात्रीत होत नाही, आठवडे किंवा महिने साचत येतो. त्यामुळे त्याचा अलर्ट रात्री तीनला वाजण्यात अर्थ नाही, पण कोणाच्या तरी यादीत तो पडलाच पाहिजे.

मर्यादा कुठे ठेवायची, हेही याच उदाहरणातून शिकता येतं. एखाद्या टेबलातली सगळ्यात जुनी न गोठवलेली ओळ २० कोटी व्यवहार मागची झाली, की पोस्टग्रेस मूळ सेटिंगप्रमाणे आपण होऊन त्या टेबलावर व्हॅक्यूम सुरू करतं. अलर्ट २० कोटींवरच लावला, तर यंत्रणा आपलं काम चोख करत असतानाही तो वाजत राहील आणि महिन्याभरात कोणी त्याच्याकडे पाहणार नाही. तोच ५० कोटींच्या आसपास लावला, तर त्याचा अर्थ स्पष्ट होतो: व्हॅक्यूम सुरू व्हायला हवं होतं, पण ते काम पुरं होत नाहीये, कोणीतरी पाहा. यंत्रणेची स्वतःची दुरुस्ती जिथे कमी पडते, तिथून माणसाचा अलर्ट सुरू व्हावा.

गठ्ठा बांधणं

अलर्ट एकत्र बांधायचे, तर प्रत्येकावर पुरेशी ओळख हवी. तो कोणत्या सर्व्हरचा, कोणत्या डेटाबेसचा, प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरचा की चाचणीच्या, कोणत्या टीमचा. या खुणांना लेबल किंवा टॅग म्हणतात. लेबल नीट नसतील तर पुढची कोणतीही गाळणी चालत नाही. म्हणून नवा सर्व्हर देखरेखीखाली आणताना पहिलं काम लेबलचं.

साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रोमिथियस या मुक्त सॉफ्टवेअरसोबत अलर्टमॅनेजर नावाचा भाग येतो. त्यात गठ्ठे बांधायची पद्धत फार विचारपूर्वक रचलेली आहे. पहिला अलर्ट आला, की तो लगेच पाठवला जात नाही. मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद वाट पाहून त्याच गटातले आणखी अलर्ट गोळा केले जातात आणि सगळ्यांचा मिळून एकच मेसेज जातो. त्या गटात नंतर भर पडली, तर पुढचा मेसेज पाच मिनिटांनी. काहीच बदललं नाही आणि बिघाड तसाच असला, तर चार तासांनी आठवण. हे आकडे आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतात.

दुसरी सोय दाबून धरण्याची. ‘पूर्ण सर्व्हर बंद’ हा अलर्ट वाजत असेल, तर त्याच सर्व्हरचे ‘क्वेरी मंद’, ‘बॅकअप फेल’, ‘कनेक्शन नाही’ हे अलर्ट पाठवू नयेत, असा नियम लिहिता येतो. ते यादीत दिसतात, फक्त फोन वाजवत नाहीत. सुरुवातीच्या गोष्टीत हा नियम असता, तर दोन वाजता शेकडो मेसेजऐवजी एक मेसेज आला असता आणि त्याच्यासोबत त्याच सर्व्हरचे इतर चालू अलर्ट पाहताना सातचा ‘रेप्लिकाशी संपर्क नाही’ नजरेला पडला असता.

एसक्यूएल सर्व्हरसाठी केंब्रिजची रेडगेट ही कंपनी बनवते त्या सॉफ्टवेअरमध्ये अलर्टची यादी ईमेलच्या इनबॉक्ससारखी मांडलेली असते. उच्च, मध्यम, कमी असे तीन दर्जे, बिघाड चालू आहे की संपला याची खूण, आणि सर्व्हर, प्रकार किंवा गटानुसार गाळण्याची सोय. मर्यादा सगळ्या सर्व्हरांना एकदम लावता येतात, आणि एखाद्याच गटासाठी, एखाद्याच सर्व्हरसाठी किंवा एकाच डेटाबेससाठी बदलताही येतात. या उतरंडीचा उपयोग करावा. सर्वसाधारण नियम वर ठेवावा आणि अपवाद खाली, जिथला तिथे. अपवाद वरच्या पातळीवर टाकला, की एका चाचणी सर्व्हरचा त्रास टाळण्याच्या नादात खऱ्या सर्व्हरचाही आवाज बंद होतो.

किती वेळ थांबायचं

प्रोसेसर दहा सेकंद ९५ टक्क्यांवर गेला म्हणून काही बिघडत नाही. एखादी मोठी क्वेरी चालू असेल. पंधरा मिनिटं तिथेच राहिला, तर पाहायला हवं. म्हणून जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ‘इतका वेळ टिकलं तरच’ अशी अट घालता येते. १९९९ पासून वापरात असलेल्या नॅगिऑसमध्ये तपासणी ठराविक वेळा लागोपाठ फसल्यावरच बिघाड पक्का मानला जातो.

काही मोजमापं मर्यादेच्या आसपास वर-खाली होत राहतात आणि दर दोन मिनिटांनी ‘बिघडलं’, ‘सुधारलं’, ‘बिघडलं’ असे मेसेज येतात. नॅगिऑस शेवटच्या २१ तपासण्यांचे निकाल लक्षात ठेवतं आणि स्थिती फार वेळा बदललेली दिसली, तर मेसेज रोखून धरतं. झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये अलर्ट सुरू होण्याची आणि संपण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवता येते. डिस्क ९० टक्क्यांवर गेली की सुरू आणि ८५ च्या खाली आली तरच बंद, असं.

डिस्कबाबत टक्केवारीही फसवते. १० टीबीच्या डिस्कवर दहा टक्के मोकळी म्हणजे १ टीबी, ती कदाचित महिने पुरेल. १०० जीबीच्या डिस्कवर तेवढेच टक्के म्हणजे १० जीबी, आणि एखादं मोठं आयात काम ते अर्ध्या तासात खाऊन टाकेल. प्रश्न ‘किती उरली’ यापेक्षा ‘कधी संपेल’ हा विचारावा. प्रोमिथियसमध्ये गेल्या काही तासांच्या कलावरून पुढचा अंदाज बांधणारं फंक्शन आहे. ‘याच वेगानं चार तासांत जागा संपणार’ असा अलर्ट मिळाला, तर उठवल्याचा राग येत नाही, कारण हातात करण्यासारखं काही असतं आणि वेळही असतो.

भाराचंही तसंच. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणासाठी वातानुकूलित वर्गाची खिडकी सकाळी दहाला उघडते, बाकीच्यांची अकराला. बोर्डाचा दहावी-बारावीचा निकाल दुपारी एकला ऑनलाइन लागतो, तेव्हा लाखो घरांतून एकाच वेळी आसनक्रमांक टाइप होत असतात. अशा वेळी वाढलेला भार अपेक्षितच आहे. तोच भार पहाटे चारला दिसला, तर मात्र चौकशी करावी. नेहमीचं काय आणि वेगळं काय, हे त्या सर्व्हरच्या दिनक्रमावरून ठरतं.

शिक्क्यावर विसंबू नका

आतापर्यंतच्या गाळण्या अलर्ट कमी करण्यासाठी होत्या. आता गाळताना काय निसटतं ते पाहू, कारण दर्जावरून गाळणं जितकं सोपं तितकंच धोक्याचं.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रत्येक त्रुटीला गांभीर्याचा आकडा असतो. बरेच डेटाबेस प्रशासक (डीबीए) १९ आणि त्यावरच्या आकड्यांसाठी अलर्ट लावतात आणि खालचं सगळं सोडून देतात. त्रुटी ८२३ आणि ८२४ म्हणजे डिस्कवरून पान वाचता आलं नाही किंवा वाचलेलं पान चुकीचं निघालं. दोन्हींचं गांभीर्य २४, त्यामुळे त्या पकडल्या जातात. पण २००५ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हर पान वाचताना अडखळला, तर पुन्हा चार वेळा प्रयत्न करून पाहतो. त्यातला एखादा यशस्वी झाला, तर क्वेरी बिनबोभाट पूर्ण होते आणि लॉगमध्ये ८२५ क्रमांकाची नोंद पडते: वाचन जमलं, पण इतक्या वेळा फसल्यानंतर. या नोंदीचं गांभीर्य १०, म्हणजे निव्वळ माहिती. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा, की डिस्क किंवा तिच्यापर्यंतची वाट बिघडायला लागली आहे आणि ८२३, ८२४ येण्याआधी डेटा हलवायला अजून वेळ आहे. इतकी मोलाची सूचना दर्जाच्या गाळणीत हमखास वाहून जाते. म्हणून ८२५ साठी वेगळा अलर्ट क्रमांकानिशी लावावा लागतो.

दुसरं उदाहरण मायएसक्यूएलचं. रेप्लिका मूळ सर्व्हरच्या किती सेकंद मागे आहे, हे तिथे एका रकान्यात मिळतं. ‘ही किंमत ३०० पेक्षा जास्त झाली तर कळवा’ असा नियम सगळेच लिहितात. पण रेप्लिकेशन पूर्ण थांबलं, की त्या रकान्यात आकडा राहतच नाही. तिथे ‘नल’ येतं, म्हणजे किंमतच नाही. ‘नल’ ३०० पेक्षा मोठं ठरत नाही, त्यामुळे नियम गप्प बसतो. थोडं मागे पडल्यावर ओरडणारा अलर्ट पूर्ण बंद पडल्यावर अवाक्षर काढत नाही. रेप्लिकेशनचे थ्रेड चालू आहेत का, याची तपासणी म्हणूनच स्वतंत्र हवी.

न आलेला अलर्ट

३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅब या कंपनीतली घटना या क्षेत्रातल्या प्रत्येकानं अभ्यासावी. दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडला होता. तो नव्यानं जुळवण्यासाठी त्यावरची डेटाची डिरेक्टरी पुसायची होती, पण आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली गेली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी डेटा उरला होता. बॅकअपकडे वळल्यावर कळलं, की रोजचा बॅकअप होतच नव्हता. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअपचं साधन ९.२ चं, त्यामुळे काम दररोज चूक दाखवून बंद पडत होतं. त्या चुकीचा ईमेल जाण्याची सोयही होती. पण ते ईमेल सही नसलेले असल्यामुळे मेल सर्व्हरच्या सुरक्षा नियमांनी ते नाकारले आणि कोणापर्यंत काही पोचलंच नाही. सुदैवानं सुमारे सहा तास आधी एका अभियंत्यानं दुसऱ्याच कामासाठी हातानं एक स्नॅपशॉट घेतला होता. त्यावरून सेवा उभी राहिली, पण मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीनं हे सगळं उघडपणे जगासमोर मांडलं, म्हणून आपल्याला ते शिकता येतं.

यातून दोन नियम निघतात. पहिला, ‘चूक झाली तर कळवा’ एवढ्यावर थांबू नये. ‘गेल्या २६ तासांत यशस्वी बॅकअपची नोंद नाही’ असाही अलर्ट असावा. पहिला अलर्ट बॅकअपच्या कामावर अवलंबून आहे, दुसरा नाही. दुसरा नियम, निरोप पोचवणारी वाटसुद्धा तपासत राहावी. प्रोमिथियस वापरणारे अनेकजण एक अलर्ट मुद्दाम कायम चालू ठेवतात. तो बाहेरच्या एखाद्या सेवेकडे सतत जात राहतो आणि तो पोचायचा थांबला, की ती सेवा माणसाला फोन करते.

आवाज बंद करण्याची सोयही याच काळजीनं वापरावी. रात्री इंडेक्स नव्यानं बांधताना लॉकचे अलर्ट येणारच, तेव्हा ते तेवढ्या वेळापुरते बंद ठेवणं रास्त आहे. पण बंद करायचा तो त्या सर्व्हरवरचा लॉकचा अलर्ट, पूर्ण सर्व्हर नव्हे. अलर्टमॅनेजरमध्ये आवाज बंद करताना तो केव्हा परत सुरू होणार, कोणी बंद केला आणि कशासाठी, हे सगळं भरावं लागतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सक्ती नसेल, तिथे टीमनं ती स्वतःवर घालून घ्यावी.

दर आठवड्याला एक तास

हिंजवडीत किंवा खराडीत बसून अमेरिकेतल्या ग्राहकांचे डेटाबेस सांभाळणाऱ्या टीममध्ये एक पाळी संपून दुसरी सुरू होते, तेव्हा चालू अलर्टची यादी हाती दिली जाते. त्या यादीत ‘हा नेहमीच येतो, सोडून दे’ असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा तो अलर्ट दुरुस्त करायची वेळ झालेली असते. नव्या माणसाला सोडून द्यायला शिकवलं, की तो उद्या कोणता सोडून देईल हे आपल्या हातात राहत नाही.

म्हणून आठवड्यातून एक तास काढून मागच्या आठवड्यातले, माणसाला हाक मारणारे सगळे अलर्ट टीमनं एकत्र पाहावेत आणि प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारावेत. तो आल्यावर कोणी काय केलं? ते त्याच क्षणी करणं गरजेचं होतं का? आणि जे केलं ते लिहून ठेवलं आहे का, म्हणजे पुढच्या वेळी नवखा माणूसही करू शकेल? ज्यावर कोणीच काही केलं नाही, तो तिकिटात किंवा नोंदीत ढकलावा, मर्यादा बदलावी नाहीतर काढून टाकावा. काढताना मात्र त्याचा अर्थ समजून घ्यावा. ८२५ सारखा एखादा निव्वळ ‘माहिती’ या शिक्क्याखाली लपलेला असू शकतो.

त्याच तासात उलट प्रश्नही विचारावा: या आठवड्यात असं काय बिघडलं, ज्याचा अलर्ट आलाच नाही? ग्राहकाच्या फोनवरून जे कळलं, त्याची नोंद करून त्याच दिवशी नवा नियम लिहावा. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर आपल्यासाठी करत नाही, कारण आपल्या डेटाबेसमध्ये कशाला किती किंमत आहे हे त्याला माहीत नसतं. ते आपल्याला माहीत असतं. गाळणी आपणच विणावी लागते, आणि दर आठवड्याला तपासावी लागते.